समाजमाध्यमांवरील बातम्या आणि पत्रकारितेचे शिक्षण

समाजमाध्यमांवरील बातम्या आणि पत्रकारितेचे शिक्षण हा माध्यम-अभ्यासातील एक विषय आहे. पत्रकारितेचे विद्यार्थी बातम्या कोठून मिळवतात, फेसबुक, व्हॉट्सॲप, यूट्यूब, इन्स्टाग्राम, एक्स (पूर्वीचे ट्विटर) यांवर समोर आलेल्या मजकुराकडे ते कसे पाहतात आणि तो मजकूर तपासण्यासाठी त्यांना कोणते स्वाध्याय व प्रात्यक्षिके दिली जातात, या प्रश्नांचा त्यात विचार होतो.

सर्वसाधारण वाचकाला समाजमाध्यमांतून माहिती मिळणे ही सोय आहे. पत्रकारितेच्या विद्यार्थ्याच्या बाबतीत मात्र तोच मजकूर त्याच्या व्यवसायाचा कच्चा माल असतो. समोर आलेली नोंद हा बातमीचा केवळ सुगावा आहे की बातमीचा आधार, हे ठरवण्याची जबाबदारी पुढे त्याच्यावरच येते. समाजमाध्यमांवरील अफवेतून माणसांचे जीव गेल्याच्या घटना महाराष्ट्रातही घडल्या असल्याने हा विषय परीक्षेपुरता मर्यादित राहिलेला नाही.

पार्श्वभूमी

पत्रकारितेचे स्वतंत्र महाविद्यालय प्रथम अमेरिकेतील मिसुरी विद्यापीठात १९०८ साली सुरू झाले. जोसेफ पुलित्झर यांच्या देणगीतून न्यू यॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठातील पत्रकारिता विद्यालय १९१२ मध्ये उघडले. भारतात लाहोर येथील पंजाब विद्यापीठात १९४१ मध्ये पृथ्वीपाल सिंग यांनी पत्रकारितेचा विभाग सुरू केला. फाळणीनंतर तो भारतात आला. नागपूरच्या हिस्लॉप महाविद्यालयात अमेरिकी प्राध्यापक रोलँड वूल्सी यांच्या पुढाकाराने १९५०च्या दशकाच्या प्रारंभी पत्रकारितेचे वर्ग भरू लागले. पुणे विद्यापीठाचा पत्रकारिता विभाग १९६४ मध्ये सुरू झाला. तो फर्ग्युसन रस्त्यावरील रानडे इन्स्टिट्यूटच्या वास्तूत असल्याने याच नावाने ओळखला जातो. दिल्लीतील भारतीय जनसंचार संस्थेची स्थापना १७ ऑगस्ट १९६५ रोजी झाली.

या सर्व ठिकाणी वृत्तवाचन हा शिक्षणाचा गृहीत धरलेला भाग होता. विद्यार्थ्याने रोज दोन-तीन दैनिके वाचावीत, एकच बातमी निरनिराळ्या दैनिकांनी कशी मांडली ते ताडून पाहावे, महत्त्वाच्या मजकुराची कात्रणे वहीत चिकटवावीत, अशी अपेक्षा असे. या पद्धतीचा एक लाभ सहसा लक्षात घेतला जात नाही. दैनिकाच्या पानावर बातमीचे स्थान, मथळ्याचा आकार, बातमीदाराचे किंवा वृत्तसंस्थेचे नाव आणि गावाची तारीखओळ या गोष्टी एकत्र दिसत. त्यामुळे बातमी कोणी, कोठून आणि कितपत महत्त्वाची समजून दिली, हे वाचता वाचताच कळत असे. समाजमाध्यमांवर या खुणा पुसल्या जातात. तेथे प्रस्थापित दैनिकाचा दुवा, मित्राच्या लग्नाचे छायाचित्र आणि अनोळखी व्यक्तीने पुढे पाठवलेली चित्रफीत एकाच आकारात एकाखाली एक येतात.

बातमी विद्यार्थ्यापर्यंत पोहोचण्याची रीत

२०१० साली अमेरिकेतील मेरीलँड विद्यापीठाच्या पत्रकारिता महाविद्यालयात प्रा. सुसान मोलर यांनी माध्यमसाक्षरतेच्या अभ्यासक्रमातील २०० विद्यार्थ्यांना एक स्वाध्याय दिला. चोवीस तास सर्व माध्यमांपासून दूर राहायचे आणि त्यानंतर आलेला अनुभव लिहून काढायचा, एवढेच त्याचे स्वरूप होते. विद्यार्थ्यांनी मिळून १,१०,००० हून अधिक शब्द लिहिले. अनेकांनी आपल्या अस्वस्थतेचे वर्णन व्यसनमुक्तीच्या काळातील अवस्थेशी मिळतेजुळते असे केले. या उपक्रमाचा उल्लेख बहुधा मोबाइलच्या व्यसनासंदर्भातच होतो. पत्रकारितेच्या दृष्टीने त्यातील दुसरे निरीक्षण अधिक मोलाचे आहे. वृत्तपत्र नियमित वाचणारे किंवा दूरचित्रवाणीवरील बातम्या नेमाने पाहणारे विद्यार्थी फारच थोडे होते आणि एखाद्या विशिष्ट वृत्तसंस्थेशी त्यांची बांधिलकी दिसली नाही. तरीही बातम्या कळत नाहीत, याचे त्यांना वाईट वाटले. त्यांच्या लेखी बातमी ही मित्रांच्या बोलण्यात, संदेशांत आणि फेसबुकवर मिसळून येणारी गोष्ट होती. तिचा वेगळा स्रोत असतो, ही जाणीवच पुसट झाली होती. पुढे हाच स्वाध्याय पाच खंडांतील दहा देशांमध्ये सुमारे १,००० विद्यार्थ्यांना देण्यात आला. प्रत्येक देशातील बहुसंख्य विद्यार्थ्यांनी चोवीस तास पूर्ण करता आले नसल्याचे कबूल केले.

महत्त्वाची बातमी असेल तर ती आपल्यापर्यंत येईलच, या समजुतीला संशोधकांनी पुढे स्वतंत्र संज्ञा दिली. होमेरो हिल दे सुन्यिगा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार, अशी समजूत बाळगणाऱ्यांना आपण पुरेसे माहीतगार आहोत असे वाटते, परंतु पारंपरिक माध्यमांतील बातम्या ते कमी वाचतात आणि कालांतराने त्यांचे राजकीय ज्ञानही कमी राहते. बातमीदार होऊ पाहणाऱ्याच्या बाबतीत ही समजूत अधिकच अडचणीची ठरते, कारण बातमी शोधत जाणे हेच त्याचे काम असते.

यात व्यासपीठांच्या रचनेचाही वाटा आहे. फेसबुकने २००६ मध्ये वृत्तप्रवाह सुरू केला. ट्विटर आणि इन्स्टाग्राम यांनी २०१६ मध्ये नोंदी कालक्रमाऐवजी वापरकर्त्याच्या आवडीच्या अंदाजानुसार लावण्यास प्रारंभ केला. त्यामुळे एकाच वर्गातील दोन विद्यार्थ्यांना एकाच दिवशी अगदी भिन्न बातम्या दिसतात. काही शिक्षक याचाच स्वाध्याय करतात. विद्यार्थी आठवडाभर आपल्याला कोणती बातमी प्रथम कोठे दिसली, ती मूळ कोणी दिली होती आणि मूळ बातमी उघडून वाचली की केवळ मथळा पाहिला, याची रोजनिशी ठेवतात. आठवड्याच्या शेवटी रोजनिश्यांची अदलाबदल केली की जिल्हा परिषद, पाणीपुरवठा, शेतमालाचे भाव यांसारखे विषय बहुतेकांच्या नोंदींतून निसटल्याचे ध्यानात येऊ शकते.

घटनास्थळावरील माहिती आणि तिची किंमत

समाजमाध्यमे बातमीदाराने टाळावीत, असा सल्ला आता कोणतीही पत्रकारिता संस्था देत नाही. २६ नोव्हेंबर २००८ रोजी मुंबईवर दहशतवादी हल्ला झाला, तेव्हा ट्विटरवरील नोंदी आणि फ्लिकरवरील छायाचित्रे जगभर पाहिली गेली. १५ जानेवारी २००९ रोजी न्यू यॉर्कच्या हडसन नदीत उतरलेल्या विमानाचे गाजलेले छायाचित्र मदतीला निघालेल्या फेरीबोटीवरील एका प्रवाशाने भ्रमणध्वनीवर टिपून ट्विटरवर टाकले होते. मे २०११ मध्ये अबोटाबादच्या एका रहिवाशाने मध्यरात्री हेलिकॉप्टर घिरट्या घालत असल्याची तक्रारवजा नोंद केली. आपण ओसामा बिन लादेनवरील कारवाईचे वार्तांकन करत आहोत, याची त्याला कल्पनाही नव्हती.

या उदाहरणांत माहिती देणारा स्वतः घटनास्थळी होता. एप्रिल २०१३ मधील बॉस्टन मॅरेथॉन स्फोटानंतर नेमके उलटे घडले. तपासयंत्रणेने संशयितांची धूसर छायाचित्रे प्रसिद्ध करताच रेडिट आणि ट्विटरवरील हौशी शोधकांनी, महिनाभरापूर्वी बेपत्ता झालेल्या एका महाविद्यालयीन विद्यार्थ्याला संशयित ठरवले. काही पत्रकारांनीही ते नाव पुढे पसरवले आणि त्याच्या कुटुंबाला संतप्त संदेशांचा मारा सहन करावा लागला. तो निर्दोष होता. काही दिवसांनी त्याचा मृतदेह नदीत सापडला. रेडिटने जाहीर माफी मागितली. पत्रकारितेच्या वर्गात हे प्रकरण वारंवार अभ्यासले जाते. नाव पसरवणाऱ्यांपैकी बहुतेकांचा हेतू मदतीचाच होता, आणि म्हणूनच ते अभ्यासण्याजोगे आहे.

नामांकित संस्थेचे खाते हाही पुरावा ठरत नाही. २३ एप्रिल २०१३ रोजी असोसिएटेड प्रेसच्या ट्विटर खात्यात घुसखोरी करून व्हाइट हाउसमध्ये स्फोट झाल्याची खोटी नोंद टाकण्यात आली. डाऊ जोन्स निर्देशांक काही मिनिटांत सुमारे १४० अंशांनी कोसळला आणि खुलासा होताच सावरला. सोरौश वोसुघी, डेब रॉय व सिनान अराल यांनी २००६ ते २०१७ या काळात ट्विटरवर पसरलेल्या सुमारे १,२६,००० वृत्तमालिका तपासल्या. सायन्स या नियतकालिकात २०१८ साली त्यांनी मांडलेल्या निष्कर्षानुसार खोटी बातमी पुढे पाठवली जाण्याची शक्यता खऱ्या बातमीपेक्षा ७० टक्क्यांनी अधिक होती. हा फरक यंत्रचालित खात्यांमुळे नसून माणसांमुळे पडला होता.

आडवे वाचन

स्टॅनफर्ड विद्यापीठातील सॅम वाइनबर्ग आणि सारा मॅकग्रू यांनी २०१७ मध्ये ४५ जणांच्या वाचनपद्धतीची तुलना केली. त्यांत १० इतिहासकार, १० व्यावसायिक तथ्यपडताळक आणि स्टॅनफर्डचेच २५ विद्यार्थी होते. बालरोगतज्ज्ञांच्या दोन संघटनांची संकेतस्थळे त्यांना दाखवण्यात आली. एक संघटना १९३० साली स्थापन झालेली, हजारो डॉक्टरांची प्रातिनिधिक संस्था होती, तर दुसरी सामाजिक मतभेदांमुळे २००२ मध्ये वेगळा झालेला लहानसा गट. निम्म्याहून अधिक विद्यार्थ्यांना दुसऱ्या गटाचे संकेतस्थळ अधिक विश्वसनीय वाटले. संकेतस्थळाची नेटकी मांडणी, भारदस्त नाव, संदर्भांची यादी यांवरून त्यांनी मत बनवले. इतिहासकारांपैकीही अनेकजण चकले.

तथ्यपडताळकांनी मात्र ते पान वाचण्यात वेळच घालवला नाही. काही क्षणांतच त्यांनी ब्राउझरमध्ये नवी पाने उघडली आणि त्या संघटनेविषयी इतर काय म्हणतात ते पाहिले. या पद्धतीला आडवे वाचन म्हणता येईल. एकच पान वरून खाली वाचत जाणे हे उभे वाचन होय. बारकाईने वाचणे हा सद्गुण आहे, असे शाळेपासून शिकवले जाते. त्यामुळे संशयास्पद मजकूर अर्धवट सोडून बाहेर पडण्याची ही सवय विद्यार्थ्यांना प्रारंभी उथळपणाची वाटू शकते. प्रत्यक्षात जे पान फसवण्यासाठीच रचले आहे ते कितीही बारकाईने वाचले तरी स्वतःविरुद्ध साक्ष देत नाही. अमेरिकी शिक्षक माइक कॉलफिल्ड यांनी याच तत्त्वावर विद्यार्थ्यांसाठी चार पायऱ्यांची पद्धत तयार केली: थांबणे, स्रोत कोण आहे ते पाहणे, त्याच विषयाचे अधिक चांगले वार्तांकन शोधणे आणि विधान किंवा छायाचित्र त्याच्या मूळ संदर्भापर्यंत नेणे.

पडताळणीचे प्रात्यक्षिक

क्रेग सिल्व्हरमन यांनी संपादित केलेली पडताळणीची पुस्तिका युरोपियन जर्नलिझम सेंटरने २०१४ मध्ये विनामूल्य उपलब्ध करून दिली. तिच्यामुळे वृत्तकक्षांतील अनुभव वर्गात पोहोचण्यास मदत झाली. प्रात्यक्षिकात विद्यार्थ्याला सामान्यतः एखादे छायाचित्र किंवा चित्रफीत दिली जाते आणि ती मूळ कोणाची, कोठली व केव्हाची, हे शोधण्यास सांगितले जाते.

छायाचित्रावरून शोध घेण्याची सोय गूगलने २०११ मध्ये उपलब्ध केली. या साधनाने जुने छायाचित्र नव्या घटनेचे म्हणून फिरत असल्यास ते बऱ्याचदा उघडकीस येते. मे २०१२ मध्ये बीबीसीच्या संकेतस्थळावर सीरियातील हूला येथील हत्याकांडाचे म्हणून एक छायाचित्र झळकले. ते प्रत्यक्षात २००३ मध्ये इराकमध्ये टिपलेले होते आणि मूळ छायाचित्रकारानेच ते ओळखले. चित्रफितीच्या बाबतीत तिच्यातील निवडक चौकटी वेगळ्या काढून तसाच शोध घेतला जातो. भ्रमणध्वनी छायाचित्रासोबत वेळ व स्थळाच्या तांत्रिक नोंदी साठवतो, परंतु बहुतेक समाजमाध्यमे त्या काढून टाकतात. म्हणून शक्य असेल तेव्हा छायाचित्र घेणाऱ्याशी संपर्क साधून मूळ प्रत मागणे हाच सर्वांत भरवशाचा मार्ग राहतो. बातमीदाराने दूरध्वनी उचलावा, हा जुना नियम येथेही लागू पडतो.

स्थळनिश्चितीसाठी दृश्यातील खुणा वाचाव्या लागतात. महाराष्ट्रातील चित्रफितीत वाहनाचा नोंदणी क्रमांक (एमएच १२ पुण्याचा, एमएच १५ नाशिकचा, एमएच १८ धुळ्याचा), एसटीच्या गाडीवरील पाटी, दुकानाचे फलक, डोंगराची रेघ या गोष्टी उपयोगी पडतात. हिंदी आणि मराठी दोन्ही देवनागरीत लिहिल्या जात असल्याने केवळ लिपीवरून प्रदेश ठरवता येत नाही; फलकावरील ‘ळ’ मात्र प्रमाण हिंदीची शक्यता कमी करतो. सावलीच्या दिशेवरून आणि लांबीवरून दिवसाच्या वेळेचा अंदाज येतो. यांपैकी एकटी खूण निर्णायक मानली जात नाही. दोन-तीन स्वतंत्र खुणा जुळल्या तरच निष्कर्ष लिहावा आणि न जुळल्यास तसे नमूद करावे, हा संकेत आहे. पडताळणी न झाल्याचा प्रामाणिक अहवाल हाही स्वाध्यायाचा यशस्वी शेवट ठरू शकतो. गुण देताना शिक्षकांनी हे लक्षात न घेतल्यास विद्यार्थी ओढूनताणून निष्कर्ष काढू लागतात.

राईनपाडा

१ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातील साक्री तालुक्यात राईनपाडा येथे आठवडी बाजाराच्या दिवशी पाच जणांची जमावाने मारहाण करून हत्या केली. ते नाथपंथी डवरी गोसावी या भटक्या समाजातील होते आणि भिक्षेसाठी त्या भागात आले होते. मुले पळवणारी टोळी फिरत असल्याची अफवा त्याआधी व्हॉट्सॲपवरून पसरलेली होती. त्या सुमारास भारताच्या अनेक राज्यांत अशाच अफवांतून हत्या झाल्या.

त्या काळात देशभर फिरलेल्या चित्रफितींपैकी एकीत दुचाकीवरून आलेले दोघे रस्त्यावरील मुलाला उचलून नेताना दिसत. ती मुळात कराचीतील एका बालसुरक्षा संस्थेने जनजागृतीसाठी तयार केलेली फीत होती. तिच्या शेवटी मूल परत सोडले जाते आणि पालकांना सावध राहण्याचा संदेश दिला जातो. तो शेवटचा भाग कापून ती पुढे पाठवली गेली. दृश्य खरे, मात्र संदर्भ खोटा, हा अपप्रचाराचा प्रकार समजावून सांगण्यासाठी यापेक्षा स्पष्ट उदाहरण क्वचितच मिळते. क्लेअर वॉर्डल आणि हुसेन देरख्शान यांनी युरोपीय परिषदेसाठी २०१७ मध्ये केलेल्या अहवालात चुकून पसरवलेली खोटी माहिती, हेतुपुरस्सर पसरवलेली खोटी माहिती आणि इजा करण्यासाठी वापरलेली खरी माहिती असे तीन प्रकार वेगळे केले आहेत. अशा अफवा पुढे पाठवणारे बहुसंख्य लोक पहिल्या प्रकारात मोडत असावेत. त्यांना ती माहिती खरी वाटत होती आणि आपल्या मुलांची काळजी वाटत होती.

व्हॉट्सॲपने त्याच महिन्यात पुढे पाठवलेल्या संदेशावर तशी खूण दाखवण्यास सुरुवात केली आणि भारतात एका वेळी जास्तीत जास्त पाच गप्पांमध्येच संदेश पाठवता येईल, अशी मर्यादा जाहीर केली. तरीही व्हॉट्सॲपवरील देवाणघेवाण खासगी असते. एखादी अफवा किती गटांत पोहोचली हे बाहेरून पाहता येत नाही, त्यामुळे ट्विटरसाठी विकसित झालेल्या अभ्यासपद्धती तेथे चालत नाहीत. मराठीत अफवेला अनेकदा दैनिकाच्या बनावट कात्रणाचे किंवा एखाद्या ज्येष्ठ अधिकाऱ्याच्या नावाने फिरणाऱ्या ध्वनिफितीचे रूप मिळते. अशा वेळी त्या दैनिकाच्या कार्यालयात विचारणे किंवा त्या तारखेचा अंक पाहणे पुरेसे असते, आणि येथे जुनी कात्रणवही पुन्हा उपयोगी पडते.

कायदेविषयक बाजू

समाजमाध्यमांवर उपलब्ध असलेले छायाचित्र वापरण्यास मोकळे असते, हा विद्यार्थ्यांमधील एक सार्वत्रिक गैरसमज आहे. जानेवारी २०१० मधील हैती भूकंपाची डॅनियल मॉरेल यांची छायाचित्रे ट्विटरवरून परवानगीविना उचलून वितरित केल्याबद्दल एएफपी आणि गेटी इमेजेस यांनी मॉरेल यांना १२ लाख डॉलर द्यावेत, असा निर्णय न्यू यॉर्कमधील ज्यूरीने २०१३ मध्ये दिला. भारतीय प्रताधिकार कायदा, १९५७ च्या कलम ५२ मध्ये चालू घडामोडींच्या वार्तांकनासाठी उचित वापराची सवलत आहे, परंतु ती सरसकट नाही.

लैंगिक अत्याचारातील पीडितेची ओळख उघड करण्यास भारतीय न्याय संहितेच्या कलम ७२ नुसार, तर अशा गुन्ह्यातील बालकाची ओळख उघड करण्यास पॉक्सो कायद्याच्या कलम २३ नुसार मनाई आहे. समाजमाध्यमांवर नाव आधीच फिरत आहे, हा बचाव होऊ शकत नाही.

नोव्हेंबर २०१२ मध्ये बाळासाहेब ठाकरे यांच्या निधनानंतर पाळल्या गेलेल्या बंदविषयी फेसबुकवर लिहिल्याबद्दल आणि त्या मजकुराला पसंती दर्शवल्याबद्दल पालघरमध्ये दोन तरुणींना अटक झाली. या घटनेनंतर दाखल झालेल्या श्रेया सिंघल विरुद्ध भारत सरकार या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २४ मार्च २०१५ रोजी माहिती तंत्रज्ञान कायद्यातील कलम ६६अ रद्द केले. सरकारी कामकाजाविषयीचा मजकूर खोटा ठरवण्याचा अधिकार केंद्राच्या तथ्यपडताळणी कक्षाला देणारी २०२३ ची नियमदुरुस्ती मुंबई उच्च न्यायालयाने सप्टेंबर २०२४ मध्ये घटनाबाह्य ठरवली. खरे-खोटे ठरवणे आणि ते ठरवण्याचा अधिकार कोणाकडे असावा, हे दोन वेगळे प्रश्न आहेत, हे या प्रकरणातून विद्यार्थ्यांना दाखवता येते.

व्यासपीठांवरील अवलंबित्व

कॅनडाने २०२३ मध्ये वृत्तसंस्थांना मोबदला देण्यासंबंधी कायदा केल्यावर मेटा कंपनीने ऑगस्टपासून त्या देशात फेसबुक आणि इन्स्टाग्रामवरील बातम्याच बंद केल्या. याचा फटका विद्यापीठांतील विद्यार्थी चालवत असलेल्या वृत्तपत्रांनाही बसला. त्यांचा वाचक प्रामुख्याने इन्स्टाग्रामवर होता आणि तो एका निर्णयाने तुटला. त्याच महिन्यात वायव्य प्रदेशातील वणव्यामुळे यलोनाइफ शहर रिकामे करावे लागले, तेव्हा नागरिकांना बातम्यांचे दुवे तेथे एकमेकांना पाठवता येत नव्हते. संशोधक आणि पत्रकार अफवांचा माग काढण्यासाठी वापरत असलेले क्राउडटँगल हे साधनही मेटाने ऑगस्ट २०२४ मध्ये बंद केले. ट्विटरवरील खात्यांची पूर्वीची अधिकृततेची निळी खूण एप्रिल २०२३ मध्ये काढून ती शुल्क भरणाऱ्यांना देण्यात आली, त्यामुळे त्या खुणेवर विसंबून शिकवलेला धडा शिक्षकांना बदलावा लागला.